गालातल्या गालात

नाक, कान, हात आणि पोट या चौघांनी मराठी भाषेत वाक्प्रचारांचा मोठा जमीनजुमला करून ठेवला आहे. नाक मुरडता येते, खुपसता येते, घासता येते. कान टोचता येतात, फुंकता येतात, उपटता येतात. गालाच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले. रुसलेल्या मुलाने गाल फुगवावेत, आजीने कुरवाळावेत आणि मास्तरांनी लाल करावेत, एवढाच काय तो त्याचा संसार. पण त्या थोडक्या इस्टेटीत एक दागिना असा आहे की तो नाकाच्याही पेटीत सापडायचा नाही. 'गालातल्या गालात हसणे' हा तो दागिना. ओठ न उघडता, दात न दाखवता, कुणाला कळू नये आणि तरीही ज्याला कळायचे त्याला कळावे अशा बेताने हसायचे, याला याहून नेमका शब्द मला तरी नको आहे.

या सदराचा धंदा शब्दांचा. दर दिवाळीला एखादा शब्द धरावा, त्याचे कूळ आणि मूळ शोधावे आणि चकली-चिवड्याच्या बशीशेजारी तो वाचकांपुढे ठेवावा, हा माझा शिरस्ता. यंदा मात्र या शब्दाचा माग काढता काढता मी कोशांच्या कपाटाशी न थांबता थेट कानाच्या पाळीखाली जाऊन पोचलो. तिथे असे दिसले की हसू खरोखरीच गालातून जाते. अलंकारिक अर्थाने नव्हे, तर एका लाळेच्या पिंडाच्या पोटातून, आरपार. घरातल्या एका दुखण्यापायी मला त्या मुलखात जावे लागले. ती हकीकत पुढे येईल. आधी जागा पाहून घेऊ.

तर्जनी कानाच्या पाळीच्या खाली, किंचित मागे टेकवा. मागच्या अंगाला हाडाचा एक टणक उंचवटा लागेल, पुढच्या अंगाला जबड्याच्या हाडाची उभी कड लागेल, आणि या दोहोंमध्ये एक खळगा. या बोळात एक पिंड राहतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत जसे दोन भिंतींच्या बेचक्यात एखादे बिऱ्हाड कसेबसे मावलेले असते, आणि मावत नाही म्हणून त्याने आपले काही सामान पुढच्या ओसरीवर पसरलेले असते, अगदी तसेच याचे. खोल भाग जबड्यामागच्या बोळात, पसरट भाग पुढे गालावर, चावण्याच्या स्नायूवर. वर गालाच्या हाडाच्या कमानीपर्यंत आणि खाली जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत त्याची हद्द. वजन म्हणाल तर २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन तोळे. पण लाळ करणाऱ्या पिंडांच्या तीन मोठ्या जोड्या आहेत, एक इथे, एक जबड्याखाली आणि एक जिभेखाली. त्या तिन्हींत थोरला हाच.

त्याचे नाव कर्णमूल ग्रंथी. कुणी अनुकर्ण ग्रंथी असेही म्हणतात. इंग्रजीतले 'पॅरोटिड' हे नाव मूळचे ग्रीक. 'पारा' म्हणजे जवळ आणि 'ऊस' म्हणजे कान. ग्रीकांनीही कानाचाच आधार घेतला आणि आपल्या पूर्वजांनीही. पिंड करतो लाळ, नाव लागते कानाचे. आमच्याकडे नाही का, गृहस्थ कितीही कर्तबगार असले तरी चाळीत त्यांना 'जिन्याजवळचे' म्हणूनच ओळखतात!

घरोघरी या पिंडाची ओळख होते ती त्याला सूज आल्यावर. कुणी त्या दुखण्याला गालगुंड म्हणतात, कुणी गालफुगी. सुश्रुताने 'क्षुद्ररोगां'च्या प्रकरणात जबड्याच्या सांध्याशी येणाऱ्या टणक, मंद दुखणाऱ्या सुजेला एक नाव दिले आहे, ते ऐकून माझ्या वर्गातली मुले हमखास हसतात. नाव आहे पाषाणगर्दभ. दगडासारखी टणक सूज, हे समजते. त्यात गाढव कुठून आले यावर टीकाकारांनी खुशाल भांडावे. दोन्ही बाजूंनी गालफुगी झालेल्या आणि आरशापुढे उभ्या केलेल्या मुलाला मात्र ते नाव फारसे अन्यायाचे वाटत नाही.

गालगुंड हा विषाणूचा रोग. संसर्ग झाल्यापासून साधारण अडीच आठवड्यांनी सूज दिसते. कानाची पाळी वर उचलली जाते आणि जबड्याचा कोपरा सुजेत बुडतो. या खुणेने घरच्या घरीही पुष्कळदा कळते, कारण मानेतल्या साध्या गाठी सुजल्या तर त्या कोपऱ्याच्या खाली राहतात, कोपरा बुडवीत नाहीत. दुखते फार, आणि त्याचे कारणही त्या बिऱ्हाडाच्या रचनेतच आहे. पिंडाभोवती चिवट पडद्याचे आवरण आहे. आतला सुजतो आणि बाहेरचा सैल पडत नाही. शिवाय तोंड उघडले, घास चावला की जबड्याचे हाड त्या बोळात मागे सरकून पिंडाला चेपते. आंबट काही दिले तर विचारूच नका, कारण आंबटाच्या चवीने पिंडाला काम लागते आणि सुजलेल्या कामगाराला काम नको असते. आमच्या लहानपणी आंबेहळदीचा लेप लावून मुलाला कोपऱ्यात बसवीत. लेपाने विषाणू मरत नाही, पण कोपऱ्यात बसवणे मात्र शहाणपणाचे होते. सूज आल्यावर पाच दिवस तरी मुलाला शाळेत पाठवू नये. बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत बरी होतात. तथापि वयात आलेल्या मुलाला किंवा मोठ्या पुरुषाला हा रोग झाला, तर पाचांतल्या एखाद्याच्या अंडाला सूज येते. क्वचित मेंदूच्या आवरणाला दाह होतो, क्वचित एक कान कायमचा जातो. तेव्हा 'मुलांचेच दुखणे, होऊन जाऊ दे' हे म्हणणे काही खरे नव्हे.

याची लस आली त्याची गोष्ट तर मोठी घरगुती आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॉरिस हिलमन नावाचे लसींचे संशोधक होते. १९६३ साली एका रात्री त्यांची पाच वर्षांची मुलगी जेरिल लिन गाल सुजवून बापाला उठवायला आली. बापाने तिला परत निजवले, आणि मग तिच्या घशातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पोचवला. त्या विषाणूपासून केलेल्या लसीला १९६७ साली परवाना मिळाला. विषाणूच्या त्या वाणाला आजही त्या मुलीचेच नाव आहे. आपल्याकडे २०१७ सालापासून सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला यांची जोडलस आली, तीत गालगुंड नव्हते. बालरोगतज्ज्ञ मात्र तिन्हींची एकत्र लस देतात: नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि पुन्हा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. नातवाचे लसीचे कार्ड कपाटात असेल, तर दिवाळीची साफसफाई चाललीच आहे, काढून पाहावे.

आता या पिंडाच्या रोजच्या नोकरीकडे वळू. सहाही थोरले पिंड आणि तोंडातले असंख्य बारके पिंड मिळून दिवसाकाठी अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत लाळ करतात. आपण गप्प बसलेले असताना यातले बरेचसे काम जबड्याखालचे पिंड करतात. कर्णमूल ग्रंथीचा कारभार निराळा. ती सणासुदीची आचारीण आहे. फोडणीचा वास आला, लिंबाची फोड दिसली, चकली दाताखाली कुडकुडली की ती पदर खोचून उठते, आणि पाण्यासारखी पातळ, पिष्ट पचवणारी लाळ भराभर पाठवते. 'तोंडाला पाणी सुटणे' हे बरेचसे तिचेच कर्तृत्व.

हे पाणी तोंडात येते कुठून? पिंड कानापाशी आणि तोंड इथे. त्यासाठी सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची एक नळी आहे. दात घट्ट आवळा. गालावरचा चावण्याचा स्नायू टणक होईल. त्याच्या पुढच्या कडेवर, गालाच्या हाडाखाली बोटभर अंतरावर बोटाचे टोक वरखाली फिरवा, दोरीसारखे काही तरी बोटाखालून निसटेल. तीच ती. स्नायू ओलांडून ती एकदम आत वळते, गालाला भोक पाडते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जिभेच्या शेंड्याने चाचपले तर तिथे एक बारीक टेंगूळ लागते. कित्येक जण ते एके दिवशी अचानक सापडून घाबरतात. घाबरू नये, ते जन्मापासून तिथेच आहे.

ही नळी जगापुढे आणली ती बावीस वर्षांच्या एका डॅनिश विद्यार्थ्याने. नील्स स्टेनसेन त्याचे नाव. १६६० साली तो ॲम्स्टरडॅमला शिकायला गेला आणि एका मेंढीचे डोके घेऊन एकटाच चिरफाड करीत बसला. एका नळीत सळई सरकवली, ती पुढे जाता जाता तोंडात मोकळी झाली आणि दातांवर खट्कन वाजली. मुलगा धावत आपल्या गुरूकडे, ब्लासियसकडे गेला. गुरूजींनी आधी ते झटकून टाकले, आणि पुढे शोध माझाच म्हणून भांडण मांडले. मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात शिकवतो आहे. ही गोष्ट वाचून मला सतरावे शतक मुळीच लांबचे वाटले नाही. नळी मात्र स्टेनसेनच्याच नावाने राहिली. तो गृहस्थ पुढे भूगर्भशास्त्राकडे वळला, खडकांच्या थरांचे नियम त्याने १६६९ साली मांडले, आणि शेवटी बिशप झाला.

या नळीची एक बाजू घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाळेचा प्रवाह बाहेर वाहत असतो तोवर तोंडातले जंतू आत जाऊ शकत नाहीत. प्रवाह आटला की ते उलटे चढतात आणि पिंडात पू होतो. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना १८८१ च्या जुलैत गोळी लागली. ते अंथरुणाला खिळले, अन्न जाईना, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या कर्णमूल ग्रंथीत गळू झाले. सप्टेंबरात ते वारले, ते इतर कारणांनी. पण अंथरुणावरच्या माणसाचा हा जुनाच शत्रू. म्हाताऱ्या, आजारी, कमी पाणी पिणाऱ्या माणसाचा गाल एकाएकी लाल होऊन दुखू लागला, ताप आला, तर ते गालगुंड समजून लेप लावीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यांचे तोंड स्वच्छ ठेवणे आणि घोट घोट पाणी पाजत राहणे याला 'सेवा' हा मोठा शब्द आपण वापरतो. त्या सेवेतला हा भाग अगदी रोखठोक उपयोगाचा आहे.

इथवरचा पिंड हा आपला साधा गृहस्थ. गोष्ट निराळी होते ती त्याच्या घरातून जाणाऱ्या पाहुण्यामुळे.

कानामागच्या हाडात एक बारीक छिद्र आहे. त्यातून चेहऱ्याची मज्जातंतूची दोरी बाहेर पडते आणि पडल्या पडल्या या पिंडात शिरते. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण कुणी शरीरशास्त्रज्ञाने केली असती तर ती हिलाच लागू केली असती! पिंडात शिरल्यावर तिच्या आधी दोन आणि मग पाच शाखा होतात. हाताचा पंजा कानाशी मनगट ठेवून गालावर पसरावा, तशा. अंगठा कपाळाकडे, तर्जनी डोळ्याकडे, मधले बोट गालावरून वरच्या ओठाकडे, अनामिका खालच्या ओठाकडे आणि करंगळी मानेकडे. कपाळाला आठी घालणे, डोळा मिटणे, नाक फेंदारणे, गाल फुगवणे, शीळ घालणे, हसणे, हे सगळे या पाच बोटांचे काम. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी या पसाऱ्याला लॅटिनमध्ये 'हंसाचे पाऊल' म्हटले. ते वाचले आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. आपल्या जुन्या हस्तलिखितांत ओळीतून राहून गेलेले अक्षर कुठे बसवायचे ते दाखवायला जी खूण करतात, तिलाही हंसपदच म्हणतात.

आणि गंमत अशी, की ही दोरी ज्या घरातून जाते त्या घराला काहीही देत नाही. कर्णमूल ग्रंथीला काम करायला लावणारे तंतू दुसऱ्याच एका दोरीतून, कानाच्या पोटातून वळसे घेत घेत येतात. उलट जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या पिंडांना हुकूम देणारे तंतू मात्र या चेहऱ्याच्या दोरीतलेच. ते ती कानात असतानाच वाटून मोकळी होते. शेजाऱ्यांना आंबे आणि ज्याच्या अंगणातून वाट, त्याला नुसती धूळ. मधल्यामध्ये पिंडाचे सर्जनांपुरते दोन भाग पडतात: दोरीच्या वरचा आणि दोरीच्या खालचा. खरी भिंत मध्ये नाही. एखाद्या डिंकाच्या लाडवात केस अडकला आहे, आणि केस तुटू न देता लाडू बाजूला करायचा आहे, अशी कल्पना करा. चांगली नाही, पण खरी आहे.

आता ती घरची हकीकत.

माझी थोरली आतेबहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, पन्नाशी उलटलेली. बालवाडी चालवते. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ती मला ओवाळीत होती. निरांजनाच्या उजेडात मला दिसले की तिची डाव्या कानातली कुडी उजवीपेक्षा जरा बाहेर झुकली आहे. कुडी नव्हे, पाळीच उचलली गेली होती. पाळीखाली सुपारीएवढी गाठ.

"अक्का, हे कधीपासून?"

"झाली असतील आठ-नऊ वर्षे. दुखत नाही रे. दुखत नाही त्याला कशाला डिवचायचे?"

आपल्या घरांतून हे वाक्य किती पिढ्या ऐकू येत आहे! दुखते ते खरे दुखणे, आणि न दुखणारी गाठ म्हणजे देवाने दिलेली तीळासारखी खूण. परंतु इथे हिशेब नेमका उलटा आहे. या जागी दुखून येणारी सूज बहुधा जंतूंची किंवा विषाणूची असते आणि ओसरते. जेवताना फुगून नंतर उतरणारी सूज नळीत खडा अडकल्याची असू शकते. दोन्ही गाल हळूहळू भरत गेले तर मधुमेह किंवा मद्य यांचीही चौकशी करावी लागते. एका बाजूची, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ मात्र पिंडातच उगवलेली असण्याचा संभव मोठा.

दोन दिवस मी पाठपुरावा केला तेव्हा खरे कारण बाहेर आले. तिच्या शेजारणीला कुणीतरी सांगितले होते की या ऑपरेशनने तोंड वाकडे होते. "मला मरणाची भीती नाही," अक्का म्हणाली, "पण तोंड वाकडे झाले तर माझी पोरे वर्गात रडतील."

ही भीती अडाणीपणाची नव्हती. हंसपद तिथेच आहे म्हटल्यावर तिला शरीरशास्त्राचा भक्कम आधार होता. म्हणूनच 'काही होत नाही' असे मी म्हटले नाही. कान-नाक-घशाच्या एका सर्जनकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी गाठीला हात लावण्याआधी तिचा चेहरा पाहिला.

"बाई, कपाळाला आठ्या घाला. डोळे गच्च मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. आता शीळ वाजवा."

"इश्श," अक्का म्हणाली, "मला उभ्या जन्मात कुणी शीळ वाजवायला सांगितली नव्हती."

पण वाजवली. दोन्ही बाजू सारख्या हलल्या, आणि डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. या गाठींत कर्करोग असेल तर तो दोरीला धरतो आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडू लागते. गाठ एकाएकी वाढणे, दुखू लागणे, कातडीला किंवा खालच्या मांसाला चिकटणे, मानेत आणखी गाठी लागणे, ही त्याच घरची इतर माणसे. यातले काहीही दिसले तर दिवाळीनंतर, मुलीच्या लग्नानंतर, असे मुहूर्त शोधू नयेत. (गाठ नसताना चेहऱ्याची एक बाजू एकाएकी पडली तर ते पक्षाघाताचेही चिन्ह असू शकते, त्या वेळी तास मोजावेत, दिवस नव्हे.)

मग सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या, एमआरआय झाला. लाळपिंडांच्या दहा गाठींपैकी सुमारे आठ याच पिंडात होतात, आणि याच्यातल्या दहांपैकी सुमारे आठ साध्या असतात, हा डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब तुम्हीही ध्यानात ठेवावा; धीर देणारा आहे. अक्काची गाठ साधीच निघाली, संमिश्र पेशींची, सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या जातीची.

"साधी आहे, मग राहू द्या की," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ही जात वर्षानुवर्षे राहू दिली तर काहींच्या बाबतीत पुढे कर्करोगात पालटते, आणि जितकी मोठी होईल तितकी ती दोरीला ताणते. आज जे काम सोपे आहे ते दहा वर्षांनी अवघड होईल. मग नुसती गाठ सोलून काढावी? पूर्वी तसे करीत. पण या गाठीचे आवरण जागोजागी विरळ असते. ते फुटले तर डाळिंबाचे दाणे सतरंजीवर सांडावेत तशा पेशी सांडतात, आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी दहा उगवतात. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून रीत पालटली. गाठीमागे न धावता आधी दोरी शोधायची, मग तिच्या एकेका शाखेवरून पिंड अलगद उचलीत न्यायचा, आणि भोवतालच्या पिंडाच्या गादीसकट गाठ काढायची. ज्या पाहुण्याची भीती, त्यालाच वाटाड्या करायचे. चेहऱ्याची दोरी शाबूत राहावी याच एका गोष्टीभोवती हे सगळे ऑपरेशन रचलेले आहे, हे समजल्यावर अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग तारीख विचारली.

कानापुढून खाली येणारा, पाळीला वळसा घालून मानेकडे जाणारा छेद. स्नायूंना सुस्त करणारे औषध मुद्दाम टाळायचे, कारण दोरीला टोचले की गालाचा स्नायू उडालेला यंत्रावर दिसला पाहिजे. कानाच्या पुढच्या कूर्चेचे टोक जिकडे बोट दाखवते त्याच्या आसपास, खोलात, दोरी सापडते. जाडी दोन-तीन मिलिमीटर. आम्ही बाहेर बाकावर तीन तास बसलो होतो. गाठ सगळी निघाली. नंतरच्या तपासणीतही ती साधीच ठरली.

जागी झाल्यावर डोळे मिटत होते, आठ्या पडत होत्या. फक्त खालच्या ओठाचा डावा कोपरा मागे राहत होता. तिथली शाखा सगळ्यांत नाजूक. ओढली गेली की रुसते. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, आणि कायमची जायबंदी थोड्यांनाच होते हेही. पंधरा दिवसांनी ती बालवाडीत गेली. एका चिमुरडीने विचारले, "बाई, तुम्ही अर्ध्याच का हसता?"

"उरलेले उद्यासाठी ठेवले आहे," अक्काने सांगितले. दोन महिन्यांत ओठ रांगेत आला. पाळीला बधिरपणा मात्र राहिला, कारण पाळीची संवेदना नेणारा तंतू त्याच वाटेवर असतो. कुडी घालताना फिरकी बसली की नाही हे तिला अजून आरशात पाहावे लागते.

पुढे वर्षभराने निराळीच गंमत सुरू झाली. अक्का जेवायला बसली, कैरीच्या लोणच्याला बोट लावले, की डाव्या गालावर घाम फुटायचा. गाल लाल, कानापुढे थेंब. तिला वाटले लोणच्यात मिरची जास्त झाली.

डॉक्टरांनी त्याला नाव सांगितले: फ्रे यांचे लक्षण. पिंडाला लाळेचा हुकूम नेणारे तंतू ऑपरेशनात तुटतात. ते पुन्हा वाढतात, पण घर जाग्यावर नसते. मग चाचपडत कातडीतल्या घामाच्या पिंडांना जाऊन मिळतात. दोन्ही पिंडांना हुकूम पोचवणारे रसायन एकच, त्यामुळे घामाच्या पिंडांना फरक कळत नाही. पत्ता बदललेल्या घरी पोस्टमन पत्र टाकतो आणि नवा भाडेकरू ते उघडून अमलात आणतो, तसे. फार त्रास झाला तर गालात बोट्युलिनमचे इंजेक्शन देऊन ते काही महिने थांबवता येते.

लुत्सिया फ्रे या पोलंडमधल्या मज्जाविकारांच्या डॉक्टर. ल्वूफ शहरात त्या काम करीत. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे. गालाला गोळी लागून बऱ्या झालेल्या एका सैनिकाला जेवताना गालावर घाम येतो, हे पाहून कोणते तंतू कुठे भरकटले असतील याचा उलगडा त्यांनी १९२३ साली लिहिला. त्या ज्यू होत्या. नाझींनी शहर घेतल्यावर त्यांना तिथल्या कोंडवाड्यात डांबले, आणि १९४२ साली त्यांचा अंत झाला.

हे मी अक्काला सांगितले तेव्हा आम्ही जेवतच होतो. तिने नेहमीप्रमाणे पदराने गाल टिपला. "तू यंदाच्या अंकात हे लिहिणार ना?" ती म्हणाली. "मग माझे नाव नको घालूस. त्या बाईंचे मात्र नीट, पुरते घाल."